८३ पीएस की १९० एनएम? माहितीपत्रकातले आकडे घाटात कसे वाचायचे

तुमचा प्रश्न असा: २०१८ सालच्या दोन जुन्या स्विफ्ट समोर आहेत, एक पेट्रोल आणि एक डिझेल. पेट्रोलच्या माहितीपत्रकात ११९७ सीसी, ८३ पीएस, ११३ एनएम लिहिलंय. डिझेलच्या पत्रकात १२४८ सीसी, ७५ पीएस, १९० एनएम. एक एजंट म्हणतो पॉवर जास्त ती गाडी दमदार, दुसरा म्हणतो टॉर्क जास्त ती. रोजचं धावणं कोल्हापूर शहरात पंधराएक किलोमीटर, आणि महिन्यातून दोनदा चौघं जण सामानासकट आंबा घाट उतरून साखरप्याला जाता आणि तसंच चढून परत येता. या शब्दांचे अर्थ काय आणि यातली कोणती गाडी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही एजंट अर्धंच सांगतायत. पॉवर मोठी की टॉर्क मोठा, हा वादच मुळात चुकीच्या जागी उभा आहे, कारण त्या दोन वेगळ्या ताकदी नाहीत. एकाच इंजिनाच्या एकाच कामाची ती दोन मापं आहेत. घाटात तुम्हाला उपयोगी पडणारा प्रश्न वेगळा आहे: ज्या वेगाने मी चढतोय, त्या वेगाला आणि त्या गिअरमध्ये इंजिन किती आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर) फिरतंय, आणि तिथे त्याच्याकडे शिल्लक किती आहे? याचं उत्तर माहितीपत्रकात छापलेलं नसतं, पण त्यातल्याच आकड्यांवरून काढता येतं. आधी शब्द समजून घेऊ, मग घाटाचं गणित करू.

सीसीपासून सुरुवात करतो. सिलिंडरच्या आतला व्यास म्हणजे बोअर, आणि पिस्टन वर-खाली जितकं अंतर चालतो ते स्ट्रोक. स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर ७३ मिलीमीटर आणि स्ट्रोक ७१.५ मिलीमीटर आहे. ७३ मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ येतं ४१.८५ चौरस सेंटिमीटर, त्याला ७.१५ सेंटिमीटरने गुणलं की एका सिलिंडरचे २९९ घन सेंटिमीटर होतात, आणि चार सिलिंडरचे मिळून ११९७. डिझेलचा बोअर ६९.६ आणि स्ट्रोक ८२, त्याचे होतात १२४८. सीसी म्हणजे एवढंच: पिस्टन किती जागा व्यापून फिरतात त्याची बेरीज. इंजिन एका दमात जास्तीत जास्त किती हवा ओढू शकेल याचा तो अंदाज आहे, ताकदीचं माप नव्हे. टर्बो लावला की तेवढ्याच सीसीमध्ये दाबून जास्त हवा भरता येते, आणि मग सीसीवरून ताकद ओळखणं अजिबात चालत नाही.

बोअर-स्ट्रोकच्या जोडीत मात्र इंजिनाचा स्वभाव दिसतो. पेट्रोलमध्ये बोअर स्ट्रोकपेक्षा किंचित मोठा आहे, म्हणजे पिस्टनला कमी अंतर चालावं लागतं आणि तो भराभर वर-खाली होऊ शकतो. डिझेलमध्ये स्ट्रोक बराच लांब आहे. ते इंजिन सावकाश, पण लांब हात मारत चालतं.

आता टॉर्क. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. मीटरभर लांबीचा पाना आडवा धरून त्याच्या टोकाला साडेअकरा किलो वजन टांगलं, तर नटावर जो पीळ बसतो तो साधारण ११३ एनएम, म्हणजे न्यूटन-मीटर. १९० एनएमसाठी त्याच टोकाला सव्वाएकोणीस-साडेएकोणीस किलो लागतील. छोट्या गाड्यांच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० एनएमला आवळतात. म्हणजे स्विफ्टचं पेट्रोल इंजिन क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, जो जास्तीत जास्त पीळ देतं, तेवढा तुम्ही लांब पान्याने हाताने देऊ शकता. फरक हा, की तुम्ही तो एकदा देता आणि इंजिन मिनिटाला चार हजार वेळा फिरवत देतं.

याच ठिकाणी पॉवर येते. पॉवर म्हणजे काम किती झपाट्याने होतंय ते. विहिरीतून ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर या चालीने वर ओढत राहिलात, तर ती एक पीएस, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती. किलोवॉटमध्ये ती ०.७३५५ भरते. ब्रिटिश बीएचपी थोडी मोठी, ०.७४५७ किलोवॉट. म्हणून ८३ पीएस, ८२ बीएचपी आणि ६१ किलोवॉट हे तिन्ही आकडे एकाच इंजिनाचे असू शकतात. दोन गाड्यांची तुलना करताना आधी एकक एकच आहे ना ते बघा. जाहिरातीत पीएस आणि दुसऱ्या ठिकाणी बीएचपी अशी सरमिसळ सर्रास असते.

टॉर्क आणि पॉवर यांना जोडणारं सूत्र सोपं आहे: टॉर्क एनएममध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा आणि ७०२३ ने भागा, उत्तर पीएसमध्ये येतं. माहितीपत्रकात प्रत्येक आकड्यापुढे एक आरपीएम बारीक अक्षरात छापलेला असतो. लोक तो वाचत नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. पेट्रोलचे ८३ पीएस ६००० आरपीएमला आहेत आणि ११३ एनएम ४२०० ला. डिझेलचे ७५ पीएस ४००० ला आणि १९० एनएम २००० ला. सूत्र उलटं लावलं की कळतं, पेट्रोल इंजिन ६००० ला फिरताना त्याचा टॉर्क ९७ एनएमवर उतरलेला असतो. तरीही पॉवर तिथे सर्वाधिक असते, कारण पीळ थोडा कमी झाला तरी फेरे खूप वाढलेत. डिझेल २००० आरपीएमला १९० एनएम देतं तेव्हा त्याची पॉवर ५४ पीएस असते. पेट्रोल त्याच २००० ला साधारण १०० एनएम देतं असं धरलं, तर त्याची पॉवर भरते २८ पीएस.

हा एकच आकडा मनात ठेवा. गाडीच्या पत्रकावर ८३ लिहिलंय, पण तुमचा पाय २००० आरपीएमवर असताना अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी तुमच्या हाताशी २८ च आहेत. उरलेले ५५ वरच्या आरपीएमला बसलेत, आणि तिथे जाईपर्यंत ते मिळत नाहीत.

दोन इंजिनांत एवढा फरक का, याचं कारण कॉम्प्रेशन रेशो आणि जळणाची पद्धत. पिस्टन अगदी तळाशी असताना सिलिंडरमधली जागा आणि अगदी वर असताना उरलेली जागा, यांचं गुणोत्तर म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. पेट्रोलसाठी तो ११ धरला, तर २९९ सीसीच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर आल्यावर फक्त ३० सीसी जागा उरते. ३२९ सीसीतलं मिश्रण ३० मध्ये कोंबलं जातं. याहून फार कोंबलं तर पेट्रोल ठिणगी पडायच्या आधी किंवा नको त्या कोपऱ्यात आपोआप पेटतं, आणि चढावर टकटक, टिणटिण असा आवाज येतो. तेच नॉकिंग. डिझेल इंजिनात हवा एकटीच दाबतात, १५ ते १८ पटीपर्यंत. ती इतकी तापते की त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं, ठिणगी लागत नाही. फवारणी होते कॉमन रेलमधून, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (फवारणाऱ्या तोट्यांना) डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीतून, हजार बारच्या वरच्या दाबाने. तुमच्या टायरमधला दाब साधारण दोन बार असतो, त्यावरून कल्पना करा.

एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक, पिस्टन, कनेक्टिंग रॉड सगळंच जाडजूड करावं लागतं, आणि डिझेलला जळायला पेट्रोलपेक्षा वेळही जास्त लागतो. म्हणून ते फार वर फिरत नाही. साडेचार हजाराच्या पुढे त्याला ताणण्यात अर्थ नसतो. टॉर्क मात्र टर्बोमुळे खालीच मिळतो. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने ताजी हवा दाबून आत ढकलतो. धूर कमी असेल तर पंखा फिरत नाही. ७५ पीएसवाल्या या डिझेलमध्ये साधा, स्थिर रचनेचा टर्बो आहे आणि १८०० आरपीएमच्या खाली तो जवळजवळ झोपलेला असतो. पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंत जी ओढाताण होते तिला टर्बो लॅग म्हणतात. १८०० च्या पुढे गाडी एकदम धाव घेते. लोक तिलाच ‘डिझेलचा पिकअप’ म्हणतात, पण पिकअप नेहमी हजर नसतो, हे विसरतात.

जाता जाता एक सांगायला हवं: हे फियाटच्या घराण्यातलं १.३ लिटर मल्टिजेट. इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत तेच आहे आणि पुण्याजवळ रांजणगावला ते बनत असे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावच्या मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला आहे. जुन्या गाडीत ही बाब पीएस-एनएमइतकीच महत्त्वाची.

आता गिअर. हा भाग नीट समजला तर बाकी सगळं उलगडतं. गिअरबॉक्स पॉवर वाढवत नाही. तो फेरे कमी करून पीळ वाढवतो, किंवा पीळ कमी करून फेरे वाढवतो. गुणोत्तर ३.५ म्हणजे इंजिनाचे साडेतीन फेरे झाले की पुढे एक फेरा, आणि पीळ साडेतीन पट. त्याच्या पुढे डिफरन्शियलजवळ, म्हणजे दोन्ही चाकांना फिरणं वाटून देणाऱ्या गिअरसंचाजवळ, आणखी एक कायमची घट असते, तिला फायनल ड्राइव्ह म्हणतात. दोन्हींचा गुणाकार होतो. खाली मी पहिल्या गिअरला ३.५, दुसऱ्याला १.९, तिसऱ्याला १.२८ धरतोय, आणि फायनल ड्राइव्ह पेट्रोलला ४.४ व डिझेलला ३.६. या आकाराच्या गाड्यांत साधारण असेच आकडे असतात. हिशेबासाठी ते पुरेसे आहेत, सुटे भाग मागवायला मात्र वापरू नका.

डिझेलचं फायनल ड्राइव्ह लहान का? कारण ते इंजिन वर फिरत नाही. त्याला हायवेवर शंभरच्या वेगाने न्यायचं, तर गिअरिंग लांब ठेवावंच लागतं. त्याची किंमत टॉर्कमध्ये मोजावी लागते. बघा: क्रँकवर १९० विरुद्ध ११३ म्हणजे डिझेल ६८ टक्क्यांनी पुढे. पहिल्या गिअरमध्ये चाकाशी पोहोचेपर्यंत पेट्रोलचे ११३ गुणिले ३.५ गुणिले ४.४ म्हणजे १७४० एनएम होतात आणि डिझेलचे १९० गुणिले ३.५ गुणिले ३.६ म्हणजे २३९४. आघाडी उरली ३८ टक्के. आता वजन. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा साधारण १०० किलोने जड आहे. पेट्रोल ८७० आणि डिझेल ९७० किलो धरा. चौघं माणसं आणि सामानाचे ३१० किलो घातले की ११८० आणि १२८०. दर किलोमागे हिशेब केला तर आघाडी २७ टक्क्यांवर येते. तीही कमी नाही, पण ६८ टक्क्यांच्या भरवशावर गाडी घेणाऱ्याची निराशा होणार हे नक्की.

घाटात काय होतं ते आता पाहू. चढ दहाला एक आहे असं धरा, म्हणजे दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, आणि वेग ताशी ४० किलोमीटर. भरलेली पेट्रोल गाडी वर ओढायला चढापोटी साधारण ११६० न्यूटन, टायरच्या घर्षणापोटी १४० आणि हवेपोटी ५० असे मिळून १३५० न्यूटन जोर लागतो. सेकंदाला ११.१ मीटर या वेगाने त्याची पॉवर होते १५ किलोवॉट, म्हणजे २० पीएस. गिअरबॉक्समध्ये घर्षणाने थोडी जाते ती धरून इंजिनाला २३ पीएस द्यावे लागतात. एसी चालू असेल तर आणखी तीनेक. डिझेल जड असल्याने तिला २५ लागतात आणि वर एसी.

म्हणजे घाट चढायला ८३ काय, ७५ पीएसचीसुद्धा गरज नाही. पंचवीस-अठ्ठावीस पुरतात. मग गाडी धापा का टाकते?

कारण तिसरा गिअर. टायरचा एक फेरा साधारण १.९ मीटर. ताशी ४० ला चाक मिनिटाला ३५१ फेरे घेतं. पेट्रोल गाडी तिसऱ्यात असेल तर इंजिन १.२८ गुणिले ४.४ पट, म्हणजे जवळजवळ २००० आरपीएमला फिरतंय. तिथे आहेत २८ पीएस. गरज २३, एसीचे ३, शिल्लक २. पुढे वळण आलं, ट्रक आडवा आला, वेग जरा पडला की आरपीएम पडणार, आरपीएम पडला की पॉवर पडणार, आणि गाडी कुंथायला लागणार. मग चालक पाय तळाला टेकवतो आणि म्हणतो, ‘या गाडीत दमच नाही.’ तीच गाडी दुसऱ्यात टाकली तर त्याच ४० च्या वेगाला इंजिन २९०० च्या पुढे फिरतं, टॉर्क १०८ च्या आसपास जातो, आणि पॉवर होते ४५ पीएस. गरज तीच, २६. शिल्लक दोनवरून एकोणीसवर गेली. गाडी तीच, चढ तोच, फक्त गिअर एक खाली.

डिझेलचं ऐका. तिसऱ्यात ताशी ४० ला तिचं इंजिन १६०० च्या आसपास फिरतं, टर्बोच्या खाली. टॉर्क १४० एनएम धरला तरी ३२ पीएस, गरज २८. म्हणजे ‘टॉर्कवाली’ डिझेलसुद्धा तिसऱ्यात तितकीच अडचणीत असते, वर तिला टर्बो जागा होण्याची वाट बघावी लागते. दुसऱ्यात टाकली की २४०० आरपीएम, टॉर्क १८५ च्या जवळ, पॉवर ६३ पीएस. शिल्लक पस्तीस. इथे डिझेल खरोखर सरस आहे आणि भरल्या गाडीत ते जाणवतं. म्हणून ‘डिझेल आहे, गिअर बदलायची गरज नाही’ हा सल्ला कोणी दिला तर तो मनावर घेऊ नका. दोन्ही गाड्या त्या चढावर दुसऱ्या गिअरच्याच आहेत.

खालच्या आरपीएमला पाय दाबून धरण्याची सवय नुसती गैरसोयीची नाही, ती इंजिनाला मारते. फेरे कमी असताना सिलिंडरमधला दाब मोठा असतो आणि बेअरिंगमधला ऑइलचा पातळ थर तेवढा भार नीट उचलू शकत नाही, कारण तो थर फिरण्यानेच तयार होतो. पेट्रोलमध्ये नॉकिंग वाढतं, डिझेलमध्ये काळा धूर आणि काजळी वाढते. इंजिन जोरात ओरडतंय म्हणजे ते त्रासात आहे, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. पेट्रोल इंजिनाला ३५०० आरपीएमला चढणं सोपं जातं. १५०० ला थरथरत चढणं जड जातं.

इथवरचं एका दमात: सीसी म्हणजे जागा, टॉर्क म्हणजे पीळ, पॉवर म्हणजे पीळ गुणिले फेरे, आणि गिअर म्हणजे इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर आणून बसवण्याचं साधन.

उताराचंही थोडं बोलायला हवं, कारण आंबा घाट तुम्ही उतरणारही आहात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की पेट्रोल इंजिनाची हवेची झडप, थ्रॉटल, बंद होते आणि पिस्टन बंद नळीतून हवा ओढायची धडपड करत राहतात. त्या धडपडीत गाडीचा वेग जिरतो. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. डिझेलमध्ये तसा अडथळा नसतो, तरी खालच्या गिअरमध्ये घर्षण बऱ्यापैकी काम करतं. दोन्ही गाड्यांत या वेळी इंजेक्टर इंधन बंद करतात. म्हणून न्यूट्रलमध्ये उतरून इंधन वाचतं हा समज चुकीचा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट थोडं जळतच राहतं. आणि धोका वेगळाच: सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापतात, घर्षण कमी होतं आणि पेडल तेवढंच दाबून गाडी कमी थांबते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल स्पंजासारखं खाली जातं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं ते यासाठी. जुनी गाडी घेतलीत की पहिल्याच सर्व्हिसला ते बदलून टाका.

डिझेल घेतलीत तर एक सवय लावून घ्या: घाट चढून माथ्यावर चहाला थांबलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा. टर्बोचा दांडा ऑइलच्या थरावर फिरतो. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, आणि लाल तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा बसतो.

राहिलेले शब्द भराभर. कर्ब वेट म्हणजे इंधन, ऑइल, पाणी भरलेल्या पण माणूस-सामान नसलेल्या गाडीचं वजन. ग्रॉस वेट म्हणजे माणसं-सामान धरून कंपनीने मंजूर केलेली कमाल. दोन्हींतला फरक तुमची खरी वाहून नेण्याची क्षमता. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर, इथे २४५० मिलीमीटर. ग्राउंड क्लिअरन्स छापलाय १६३ मिलीमीटर, पण तो रिकाम्या गाडीचा. चौघं बसले की स्प्रिंग दबतात आणि तो तीन-चार सेंटिमीटरने कमी होतो. गावातल्या स्पीडब्रेकरला गाडी घासते ती याच कारणाने, आणि मागचे शॉकअब्सॉर्बर थकलेले असतील तर आणखी लवकर. मायलेजचे २२ आणि २८.४ हे आकडे ठरलेल्या चाचणीत, रोलरवर गाडी चालवून मोजलेले. गाड्या एकमेकींशी ताडायला ते उपयोगी आहेत, तुमच्या खिशाचा अंदाज बांधायला नाहीत.

टायरचा नंबर मात्र जरा थांबून वाचा. १६५/८० आर १४ मध्ये १६५ ही रुंदी मिलीमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि १४ हा रिमचा व्यास इंचात. भिंत १३२ मिलीमीटर, दोन्हीकडची २६४, त्यात १४ इंचांचे ३५६ मिळवले की टायरचा पूर्ण व्यास ६२० मिलीमीटर. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतात, त्यांचा व्यास ६२१.५. रिम मोठी असूनही व्यास तोच ठेवलाय, कारण व्यास हाही शेवटचा गिअरच असतो. आधीच्या मालकाने हौसेने मोठ्या व्यासाचे टायर चढवले असतील तर सगळेच गिअर लांब होतात, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि घाटात गाडी आळसावते. बघायला जाल तेव्हा टायरची भिंत आणि चालकाच्या दाराशी चिकटवलेली टायर-हवेची पट्टी ताडून पाहा.

आता निवड. महिन्याचं धावणं सातशे किलोमीटरच्या आसपास येतं. तुमच्या वापरात पेट्रोल लिटरला १६ आणि डिझेल २० देईल असं धरलं, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरलं, तर महिन्याला साधारण चौदाशे रुपये वाचतात. तेवढ्यासाठी, रोज पंधरा किलोमीटरच्या शहरी धावण्यात, मी जुनं डिझेल घेणार नाही. थांबत-थांबत, थंड इंजिनाने चालणाऱ्या डिझेलमध्ये ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरतो. हा व्हॉल्व्ह थोडा धूर परत आत सोडून जळण्याचं तापमान खाली ठेवतो. एखाद-दुसरा इंजेक्टर किंवा टर्बो बदलायला निघाला की वर्षा-दीड वर्षाची बचत एका बिलात जाते. धावणं महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या पुढे आणि बरंचसं हायवेवर असतं, तर माझं उत्तर उलटं असतं. तसंच पेट्रोल गाडीची निगा वाईट आणि डिझेलची सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली असेल, तरी उलटं. जुन्या गाडीत अवस्था आधी, इंधन नंतर.

चाचणीला सपाट रस्त्यावर फिरून येऊ नका. पन्हाळ्याच्या चढावर न्या, तिघा-चौघांना बसवून. एसी लावा. दुसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून ३५०० पर्यंत न्या आणि आरशातून मागे पाहा. डिझेलने सुरुवातीला पुसट काळा धूर टाकला आणि लगेच थांबली तर हरकत नाही. धूर तसाच निघत राहिला तर इंजेक्टर, ईजीआर किंवा टर्बोच्या पाइपातली गळती. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिझेल १८०० च्या पुढेही धाव घेत नसेल तर टर्बोचा दाब कुठेतरी निसटतोय; पाय दाबल्यावर सूं असा हवेचा आवाज येतो का ऐका. पेट्रोलमध्ये टिणटिण ऐका. मग तिसऱ्यात, चाळीसच्या वेगाला, एकदम पाय दाबा: आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी मात्र तेवढ्याच वेगाने रेंगाळली, तर क्लच प्लेट घसरतेय, आणि तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. माथ्यावर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून तापमानाचा इशारा येतो का पाहा, रेडिएटरचा पंखा लागून बंद होतोय याची खात्री करा, आणि उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये चार-पाच वळणं घेऊन ब्रेक मारताना पेडल थरथरतंय का ते पायाला कळू द्या. थरथरत असेल तर डिस्क वाकडी झाली आहे. ती बहुतेक वेळा घाटात तापवूनच वाकडी केलेली असते.